परदेशी डॉक्टर येईपर्यंत

गेल्या आठवड्यात नाटे बाजूचा एक मच्छीमार रक्तदाब तपासायला आला होता. शर्टाची बाही खाली करता करता त्याने विचारले, "डॉक्टर, माडबनला अणुभट्ट्या झाल्या आणि उद्या काही बिघडलं, तर फ्रान्सचे डॉक्टर येतील ना?"

१,६५० मेगावॅटच्या ६ भट्ट्यांचा हा प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही. पण प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर मच्छीमारांच्याच एका हकिगतीत आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पांढरी राख पडली. १४ मार्चला २३ खलाशी याइझू बंदरात परतले ते भाजलेल्या, काळवंडलेल्या कातडीने. अमेरिकेने वैद्यकीय मदत देऊ केली, डॉक्टरही आले. परंतु राखेत नेमके काय आहे, हे बॉम्बचे गुपित म्हणून सांगितले नाही. शेवटी जपानी शास्त्रज्ञांनीच राख तपासली. पाहुण्यांना उपचारापेक्षा नोंदींत रस आहे, हा संशय मात्र राहिला. २३ सप्टेंबरला बोटीचे रेडिओ ऑपरेटर कुबोयामा दगावले. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेने २० लाख डॉलर दिले, तेही कायदेशीर जबाबदारी न मानता!

मदत नाकारावी असे मी म्हणत नाही. चेर्नोबिलनंतर, १९८६ सालीच, अशा साहाय्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात आहे. त्या वेळी अमेरिकेचे डॉ. रॉबर्ट गेल मॉस्कोला गेले होते. १३ रुग्णांवर अस्थिमज्जा रोपण झाले, बहुतेक वाचले नाहीत. यात दोष त्यांचा नव्हे, किरणांची मात्राच तेवढी होती.

वाचकहो, खरे काम पहिल्या काही तासांचे असते. पोटॅशियम आयोडाइडची गोळी किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याआधी किंवा लगेच नंतर घेतली तरच उपयोगी, आणि तीही फक्त थायरॉइडपुरती. (टिंक्चर आयोडीन कोणी पिऊ नये, ते विष आहे.) पहिल्या दोन दिवसांत रक्तातील लिम्फोसाइट पेशी किती घटतात, यावरून मात्रेचा अंदाज येतो. ही तपासणी राजापुरातही होऊ शकते. त्यासाठी पॅरिसच्या विमानाची वाट कशाला?

म्हणून भट्ट्यांच्या करारावर सही होण्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात. अपघात झाल्यास हवेत काय गेले, याची पूर्ण माहिती त्याच दिवशी इथल्या डॉक्टरांना मिळेल. आणि गोळ्यांचा साठा व प्रशिक्षण आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आधीच पोहोचलेले असेल.