रात्रीच्या वृत्तकक्षात चित्र कोण निवडतो?

सायंकाळी शेलूच्या स्थानकावर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणारी माणसे थोडी असतात. कामावर गेलेला गाव त्या वेळी घराकडे परतत असतो. या उलट्या वाटेने दूरचित्रवाणीच्या वृत्तकक्षात रात्रपाळीस जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला वा मुलीला आपल्या घरांतून पहिला प्रश्न विचारला जातो तो असा की, ही कसली नोकरी? सरकारी नाही, पडद्यावर तोंड दिसत नाही, आणि झोप जाते ती वेगळीच. धम्मदीक्षा घेऊन नव्याने उभ्या राहिलेल्या कुटुंबाने स्थैर्य शोधावे यात गैर काही नाही. तथापि प्रश्न एवढ्यावर मिटविणे मला मान्य नाही.

हे काम काय आहे ते प्रथम पाहू. रात्रभर बातमीदारांकडून व वृत्तसंस्थांकडून चित्रफिती येत असतात. तासाभराच्या चित्रणातून वीस सेकंद वेचावयाचे, ते निवेदनाच्या शब्दांशी जुळवावयाचे, चित्र कोणाचे, कधीचे, वापरण्याची परवानगी आहे की नाही हे तपासावयाचे आणि पहाटेच्या बातमीपत्रासाठी सारे सिद्ध ठेवावयाचे, हे चित्रांच्या प्रोड्यूसरचे काम. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये गुन्हा आहे. म्हणून तिचा चेहराच नव्हे, तर घराची पाटी व आईबापांचे चेहरेही धूसर करावे लागतात. पहाटे तीन वाजता ही काळजी कोणी घेतली वा न घेतली, यावर आपल्याच एखाद्या लेकीचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

आता ६ डिसेंबरचा दिवस घ्या. चैत्यभूमीचे चित्रण समोर आहे. त्यात गाड्यांतील रेटारेटी आहे, शिवाजी पार्कवरील कचरा आहे. त्याच फितीत तासन् तास शिस्तीने रांगेत उभी असलेली म्हातारी आहे, आणि पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेणारा मजूरही आहे. वीस सेकंदांत यांतले काय जाईल? खोटे यांत काहीच नाही. परंतु एका निवडीने आपण शहराची अडचण ठरतो आणि दुसरीने वाचणारा समाज.

काही म्हणतील, धोरण मालकाचे. तेथे एकटा प्रोड्यूसर काय करणार? आक्षेप अर्धा खरा आहे. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलॉन्ड्री यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वृत्तमाध्यमांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय आढळले. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. पण वरची खुर्ची मिळत नाही म्हणून खालचीही सोडावी, हा कोठला न्याय? वरिष्ठ घरी निजलेले असतात तेव्हा फितीवर हात याच खालच्या खुर्चीचा असतो. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो कोणी खुर्ची देऊ केली म्हणून नव्हे. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेवराव व्हटकरांनी पदरमोड करून केले. शब्द आपले असावेत हे आपण लवकर ओळखले. चित्रांविषयी मात्र अजून गाफील आहोत.

मुलीला रात्री पाठविण्याची आईची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घरोघरी ऐकू येते की कर्जत लाईनवरची मुलगी म्हटली की मुलाखतीतच नाके मुरडली जातात. अशा वेळी भीक मागू नये, कायदा दाखवावा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवावयाचे तर तिची संमती लागते, छळापासून संरक्षण द्यावे लागते, आणि तिच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकाला करावी लागते. ते दार शेलूत असले तरीही.