मंगा काढून कमवायचंय? आधी टाक, मग टॅब्लेट



आजचा विषय मसाल्याचा नाही, डेअरीचाही नाही. आजचा विषय आहे मंगा, म्हणजे जपानी पद्धतीची काळ्या-पांढऱ्या चौकटींमधली चित्रकथा. हसू नका. साताऱ्यात आणि सांगलीत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली, मोबाईलवर ॲनिमे बघत मोठी झालेली पोरं-पोरी आहेत. हात चांगला आहे आणि यातून चार पैसे मिळतील का, हा प्रश्नही रास्त आहे. पण त्याआधीच दुसरा प्रश्न येतो: "सर, टॅब्लेट कुठला घेऊ?"

माझं मत सरळ आहे. कागदावर १६ पानांची एक गोष्ट पूर्ण केल्याशिवाय हप्त्यावर टॅब्लेट घेऊ नका. आणि ती पूर्ण झाली की कागदालाच चिकटून बसू नका. हत्यार हौसेसाठी घ्यायचं नसतं, अडलेल्या कामासाठी घ्यायचं असतं.

आपल्याच भागातलं उदाहरण

आज पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली. जागा दिली औंधच्या पंतप्रतिनिधींनी. औंध सातारा जिल्ह्यात, वाडी सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा संस्थान एकच. हे राजेसाहेब भवानराव स्वतः चित्रकार होते. औंधचं भवानी संग्रहालय त्यांनीच उभं केलं. पाहिलं नसेल तर एक दिवस काढून पाहून या.

आता लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे बघा. ते जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. दुसरा असता तर घरी परतला असता. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाटनं शिकली, पुढे तीच शिकवली. त्या काळ्या रेघेतूनच पुढे नांगर आला, कारखाना आला. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे आधी ओळखलं, मग साधन निवलं. आपल्याला हाच क्रम हवाय.

त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. सुरुवात गिऱ्हाइकांसाठीचं माहितीपत्र म्हणून, आणि पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. संपादक शं. वा. किर्लोस्कर व्यंगचित्रंही काढायचे. त्यांच्या व्यंगचित्रसंग्रहाच्या नावातच 'टाक' हा शब्द आहे. टाक म्हणजे शाईत बुडवून लिहायची निब. म्हणजे चित्र आणि धंदा यांची जोडी आपल्याकडे नवी नाही. १०० वर्षांपूर्वी ती एका छोट्या रेल्वे स्टेशनाशेजारी चालू होती.

जपानमध्येही टाकच

मंगा काढणाऱ्यांचं मूळ हत्यार हेच आहे. जी-पेन नावाची निब दाबली की रेघ जाड होते, सैल सोडली की बारीक. डोळे, केस यांच्या नाजूक कामाला मारू-पेन. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे आणि ओदा अजूनही कागदावर शाईनं काढतात. दुसरीकडे आज कितीतरी मंगाकार सगळं काम स्क्रीनवर करतात. दोन्ही छापलं जातं, दोन्ही विकलं जातं. वाचकाला गोष्टीशी मतलब असतो.

निब मिळाली नाही तरी अडत नाही. चांगला कार्ट्रिज कागद, पेन्सिल, पट्टी, वॉटरप्रूफ काळी शाई किंवा दोन-तीन जाडीची फाइनलायनर पेनं, आणि चुका झाकायला पांढरा रंग. एवढ्यात काम सुरू होतं. शाईवरून आठवलं, कॅमलिनची सुरुवात १९३१ साली दांडेकरांनी शाईपासूनच केली. २०११ मध्ये तिचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीनं घेतला. आपली शाई आणि जपानी वही अशी एका घरात आलीसुद्धा!

एक युक्ती सांगतो. छापायच्या आकारापेक्षा मोठं काढा. एफोर कागदावर काढलं आणि एफाइव्हला छापलं की चित्र साधारण ७० टक्क्यांवर येतं. हाताची थरथर झाकली जाते. पण त्याच हिशेबानं ०.५ ची रेघ ०.३५ होते, म्हणून अगदी बारीक पेनावर विसंबू नका. छापताना ती रेघ तुटते.

कागद कुठे हरतो

आता दुसरी बाजू. तीन जागी कागद आपला वेळ खातो.

पहिली जागा, करडी छटा. जपानमध्ये त्यासाठी ठिपक्यांचे चिकट कागद कापून लावायची पद्धत होती. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात ते सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी एकदा कापले की संपले. संगणकावर हेच काम एका क्लिकवर होतं, पुन्हा पुन्हा होतं.

दुसरी, मराठी अक्षरं. जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून त्यांचे फुगे उभट असतात. आपला मजकूर आडवा. उभट फुग्यात "स्वातंत्र्यानंतर" लिहून बघा, काय होतं ते! फुगे रुंद काढा, चौकटींचा क्रमही डावीकडून उजवीकडे ठेवा. आणि मजकूर शक्यतो संगणकावर टाका, कारण गिऱ्हाईक चित्र एकदा बदलायला सांगतं, पण मजकूर पाचदा.

तिसरी जागा दुरुस्तीची. समजा कंदी पेढ्याच्या दुकानासाठी चार चौकटींची जाहिरात काढली, आणि मालक म्हणाले, "आमचा खोका निळा नाही, लाल आहे," किंवा "काका जरा तरुण दाखवा." कागदावर पूर्ण चौकट पुन्हा काढायची. फाइलमध्ये दहा मिनिटं.

हिशेब मांडूया

आकडे नमुन्याचे आहेत. स्वतःचे घालून बघा.

समजा एका पानाचे ५०० रुपये मिळतात आणि कागदावर एका पानाला १० तास लागतात. म्हणजे तुमचा तास ५० रुपयांचा. टॅब्लेटवर तेच पान ७ तासांत झालं, तर वाचले ३ तास, म्हणजे १५० रुपये. आता स्क्रीनवाला टॅब्लेट ४०,००० ला घेतला, तर तो फेडायला साधारण २६७ पानं लागतील. आठवड्याला २ पानं होत असतील तर अडीच वर्षांहून जास्त! बिनस्क्रीनचा साधा पेन टॅब्लेट ४,००० ला घेतला, तर २७ पानं. म्हणजे तीन-साडेतीन महिने.

आणि यात एक मेख आहे. वाचलेल्या तीन तासांत करायला दुसरी ऑर्डर असेल तरच ते १५० रुपये खरे. ऑर्डर नसेल तर वाचलेला वेळ रील्स बघण्यात जातो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. आणि तो बहुतेक वेळा आई-वडिलांच्या पगारातून किंवा उसाच्या बिलातून जातो, हे विसरू नका.

मग मी काय सुचवतो?

१. पेन्सिल आणि शाई कागदावरच करा. १६ पानं, म्हणजे छपाईवाल्यांच्या भाषेत एक फॉर्म. शेवटपर्यंत न्या.

२. झेरॉक्सच्या दुकानात पानं स्कॅन करून घ्या. "काळी-पांढरी रेघ आहे, ६०० डीपीआय ठेवा, पीएनजी द्या," असं सांगा. मोबाईलच्या फोटोत सावली येते, कागद वाकडा येतो.

३. छटा आणि मजकूर मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. संगणक असेल तर क्रिटा, फक्त मोबाईल असेल तर आयबिस पेंट. आधी छापायच्या आकाराला आणा, मग ठिपके टाका. उलट केलंत तर छपाईत लाटांसारखे चट्टे दिसतात.

४. प्रत्येक पानाला कुठल्या कामात किती तास गेले ते वहीत लिहा. महिन्यानं ती वही स्वतःच सांगेल की आता काय विकत घ्यायचं.

शाईत वेळ जात असेल तर साधा पेन टॅब्लेट घ्या. क्लिप स्टुडिओसारखं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर त्यानंतर. प्रोक्रिएट फक्त आयपॅडवर चालतं, म्हणून त्याच्यासाठी आयपॅड घ्यायच्या आधी वहीतली बेरीज दोनदा तपासा.

काही जण म्हणतील, "सर, आता कागद कशाला? सगळं जग डिजिटल झालंय." ज्यांच्या हातात रंगीत कामाची ऑर्डर आहे, दर आठवड्याला भाग द्यायचाय, बदल रोज येतायत, त्यांनी आजच स्क्रीनवर जावं. त्यांना माझा विरोध नाही, त्यांचं काम अडलंय. पण पहिली गोष्टच संपवली नसेल, तर तुमचं काम टॅब्लेटवाचून अडलेलं नाही. ते शेवटच्या पानावाचून अडलंय. शिवाय कागदाचा एक फायदा फाइलला कधीच मिळत नाही: मूळ पान फ्रेम करून विकता येतं. फाइलच्या प्रती हजार, मूळ पान एकच.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गावातल्या एका दुकानाची किंवा एका शेतकऱ्याची चार चौकटींची गोष्ट. तासगावचा बेदाणा घ्या, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या, कोपऱ्यावरचा सलूनवाला घ्या. कागदावर काढा, शाई करा आणि ज्याची गोष्ट आहे त्याला नेऊन दाखवा. त्यानं "याच्या शंभर प्रती किती रुपयांना पडतील?" असं विचारलं, की समजा धंदा सुरू झाला. टॅब्लेटचं त्यानंतर बोलू.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!