बऱ्या झालेल्या क्षयरोग्याचा हिशेब

सरकारी दप्तरात क्षयरोग्याचे आयुष्य साधारणतः सहा महिन्यांचे असते. औषधे संपली, थुंकीत जंतू आढळले नाहीत, की 'बरा झाला' असा शेरा पडतो आणि पोषणासाठी मिळणारे मासिक 1000 रुपये (नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 500च होते) थांबतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडतो तो त्यानंतरच्या आयुष्याचा.

जंतू मरतात, पण त्यांनी पोखरलेले फुप्फुस पूर्ववत होतेच असे नाही. व्रणांनी ते आक्रसते, श्वासनलिका रुंदावून निकामी होतात, जुन्या पोकळीत बुरशी वाढते. खोकल्यातून रक्त पडले की क्षय उलटला असे समजून, जंतूंचा पुरावा नसतानाही, पुन्हा तीच औषधे सुरू होण्याचा धोका असतो. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने क्षयाच्या एकूण रोगभारापैकी सुमारे 47 टक्के भार उपचारानंतरचा असल्याचा अंदाज मांडला आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी खातेवही आपण उघडलेलीच नाही!

बेलापूरच्या ऊसपट्ट्यात याचा अर्थ काय होतो? तोडणीची मजुरी टनावर. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्याही अंगावर. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्याला उरलेसुरले फुप्फुस पुरत नाही. एकाचा दम संपला की कोयताच थांबतो. खाड्याचा दंड उचलीत मिळविला जातो आणि फेड पुढच्या हंगामावर जाते. कामगार विमा योजनेतील कामगाराला क्षयासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या 80 टक्के आजारभत्ता मिळू शकतो. ऊसतोड्याला त्यातला एक रुपयाही नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले. निकामी फुप्फुस त्यांत बसत नाही.

उपचारानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, असे शासकीय सूत्र आहे. तिचा रोख मात्र रोग उलटला काय, एवढाच. त्याच वेळी श्वासक्षमता मोजावी, श्वसनाचे व्यायाम शिकवावेत आणि दम गेलेल्यास निर्वाहभत्ता द्यावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

ती मागणी पुराव्यानिशी मांडण्यासाठी शाखांनी गळीत हंगामापूर्वी तोडणी कामगारांच्या वस्त्यांवर जावे. क्षयाचा कलंक अजून पुसलेला नाही, म्हणून नावे टिपू नयेत. आजारापूर्वी दिवसाकाठी किती मोळ्या वाहत होता, आज किती वाहता आणि उचल किती फिटायची आहे, एवढेच विचारावे.