काळ्यांची यादी पुसून समता येते काय?

४ एप्रिल १९६४. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने त्या आठवड्यातील लोकप्रिय शंभर गाण्यांची यादी छापली. पहिल्या पाचही जागा एकाच चमूच्या नावावर होत्या. तो चमू म्हणजे इंग्लंडातील लिव्हरपूलची चार पोरे, 'बीटल्स'. शंभरांत त्यांची एकूण बारा गाणी होती. असा पराक्रम त्यापूर्वी कोणी केला नव्हता. संगीताचे इतिहासकार आजही या आठवड्याचे कौतुक सांगतात. त्यांनी ते खुशाल सांगावे. पण त्या अंकात काय छापले होते याबरोबरच काय छापले नव्हते, हेही पाहिले पाहिजे. त्या आठवड्यात 'बिलबोर्ड'मध्ये काळ्या लोकांच्या संगीताची यादीच नव्हती.

गाण्यांच्या यादीचे चळवळीला काय, असे कोणी विचारील. यादी ही नुसती करमणूक नसते. यादी पाहून दुकानदार रेकॉर्डी मागवतो, यादी पाहून रेडिओवाला गाणे वाजवतो, यादी पाहूनच कंपनी ठरवते की पुढचा पैसा कोणावर लावायचा. ज्याचे नाव यादीत नाही, त्याचा माल बाजारात असूनही बाजाराला दिसत नाही. म्हणून मोजणारा कोण आणि तो कोणाला मोजतो, हा प्रश्न भाकरीचा आहे.

या यादीचा इतिहास बोलका आहे. १९४२ साली 'बिलबोर्ड'ने काळ्यांच्या संगीताची वेगळी यादी सुरू केली. तिला न्यूयॉर्कमधील काळ्यांच्या वस्तीवरून हार्लेमचे नाव दिले. १९४५ मध्ये तिच्या नावात 'रेस रेकॉर्ड्‌स' हे शब्द आले. म्हणजे वंशाच्या रेकॉर्डी! गोऱ्यांचे ते संगीत आणि काळ्यांचा तो वंश. १९४९ मध्ये हे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' असे केले. नाव सुधारले, पण खोली वेगळीच राहिली. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पण त्या वेगळ्या खोलीत काळ्यांनी आपले घर उभे केले. त्या यादीमुळे त्यांच्या गायकांची, त्यांच्या छोट्या कंपन्यांची, त्यांच्या वस्तीतील दुकानांची नोंद होऊ लागली. आणि मग नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीस ती यादी एकाएकी बंद झाली. काळ्यांची आणि सर्वांची आवड आता एकच झाली आहे, दोन याद्यांत फारसा फरक उरलेला नाही, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. त्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. लेस्ली गोर या गोऱ्या मुलीचे गाणे १९६३ मध्ये काळ्यांच्याही यादीत अव्वल ठरले होते. पण गोरा गायक काळ्यांच्या यादीत शिरला म्हणून काळ्यांची यादीच नको, हा कुठला न्याय? वेगळे बसवले तेव्हा त्यांनी ठरवले. भेद संपला हेही त्यांनीच ठरवले. ज्यांचा प्रश्न होता, त्यांना दोन्ही वेळा विचारले नाही.

आता पुन्हा ४ एप्रिलच्या यादीकडे येऊ. दुसऱ्या क्रमांकावर बीटल्सचे 'ट्विस्ट अँड शाउट' होते. हे गाणे त्यांचे नव्हते. १९६१ मध्ये 'टॉप नोट्स' आणि १९६२ मध्ये 'आयली ब्रदर्स' या काळ्या गायकांनी ते आधीच गायले होते. आयली बंधूंची रेकॉर्ड काळ्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पण सर्वसाधारण यादीत सतराव्या क्रमांकावरच अडली. तेच गाणे गोऱ्या गळ्यातून आले आणि सर्वसाधारण यादीतही दुसरे झाले. आयली बंधूंचा तो दुसरा क्रमांक आज आपल्याला का कळतो? तेव्हा वेगळी यादी होती म्हणून.

बीटल्सना दोष देण्याचे कारण नाही. आपण काळ्या कलावंतांकडून शिकलो, हे ते उघडपणे सांगत. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे, काळ्या-गोऱ्यांना वेगवेगळे बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली होती. प्रश्न गाणाऱ्याचा नसून हिशेब लिहिणाऱ्याचा आहे.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दुसऱ्या क्रमांकाचे 'ट्विस्ट अँड शाउट', पाचव्या क्रमांकाचे 'प्लीज प्लीज मी' आणि आठव्या क्रमांकावरील बेटी एव्हरेट या काळ्या गायिकेचे गाणे, या तिन्ही रेकॉर्डी 'व्ही-जे' या एकाच कंपनीच्या किंवा तिच्या उपकंपनीच्या होत्या. ही कंपनी काळ्यांच्या मालकीची होती. व्हिव्हियन कार्टर आणि जेम्स ब्रॅकन या जोडप्याने ती १९५३ मध्ये काढली आणि दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले. अमेरिकेतील बड्या 'कॅपिटॉल' कंपनीने सुरुवातीला बीटल्सना नाकारले, तेव्हा त्यांच्या रेकॉर्डी छापण्याचे धाडस या काळ्या कंपनीने केले. म्हणजे त्या ऐतिहासिक आठवड्यात पहिल्या दहांतील तीन रेकॉर्डी काळ्यांच्या कारखान्यातून निघाल्या होत्या. हे किती जणांना ठाऊक आहे?

पुढे काय झाले? बीटल्स चालतात हे दिसताच कॅपिटॉल जागी झाली आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. तडजोडीनुसार १९६४ च्या ऑक्टोबरनंतर व्ही-जेचा बीटल्सच्या गाण्यांवरील हक्क संपला. १९६६ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सगळे खापर बड्या भांडवलावर फोडून मोकळे होता येईल, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. व्ही-जेने रॉयल्टी वेळेवर दिली नव्हती, तिच्या हिशेबात ढिलाई होती. बड्याची चूक खपून जाते, गरिबाची चूक त्याला बुडवते. आपल्या संस्था, आपल्या पतपेढ्या, आपली प्रकाशने चालवणाऱ्यांनी हा धडा नीट वाचावा.

तो आठवडा बाहेरच्या जगात कसा होता, तेही पाहा. ३० मार्चला अमेरिकेच्या सिनेटमध्ये नागरी हक्क विधेयकावर चर्चा सुरू झाली होती आणि दक्षिणेतील सिनेटर भाषणांवर भाषणे करून ते विधेयक रोखून धरत होते. ३ एप्रिलला क्लीव्हलँड शहरातील एका चर्चमध्ये माल्कम एक्स यांनी मतपेटी की गोळी, असा सवाल टाकणारे आपले गाजलेले भाषण केले. म्हणजे काळ्या माणसाला हॉटेलात शेजारी बसू द्यायचे की नाही यावर देश भांडत होता आणि त्याच वेळी संगीताच्या बाजारात मात्र 'भेद संपला' असे मानले जात होते! नागरी हक्क कायद्यावर सही झाली २ जुलै १९६४ रोजी. समता कायद्यात येण्याच्या सात महिने आधीच हिशेबाच्या वहीतून काळ्यांचे पान फाडले गेले होते.

काळा कलावंत मात्र संपला नाही. त्याच आठवड्यात लुई आर्मस्ट्राँग यांचे 'हॅलो, डॉली!' सातव्या क्रमांकावर होते. ९ मे रोजी बासष्ट वर्षांच्या या काळ्या माणसाने बीटल्सना पहिल्या जागेवरून खाली उतरवले. पुढच्याच आठवड्यात मेरी वेल्स ही काळी तरुणी अव्वल आली. जानेवारी १९६५ च्या अखेरीस 'बिलबोर्ड'ला काळ्यांची यादी पुन्हा सुरू करावी लागली. मधल्या चौदा महिन्यांची पोकळी आज अभ्यासक कशी भरतात? 'कॅश बॉक्स' या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाने आपली तशी यादी बंद केली नव्हती, तिच्या आधाराने. एकाने पान फाडले तरी दुसऱ्या वहीत नोंद होती, म्हणून इतिहास वाचला.

१९९१ मध्ये तर गंमतच झाली. तोवर दुकानदारांच्या सांगण्यावरून विक्री ठरत असे. त्या वर्षी 'बिलबोर्ड'ने दुकानातील यंत्रावर नोंदलेली खरी विक्री मोजायला सुरुवात केली. महिन्याभरातच कॉम्प्टन वस्तीतील 'एन.डब्ल्यू.ए.' या काळ्या तरुणांच्या रॅप चमूचा अल्बम देशात पहिला आला. रेडिओवर त्यांना फारसे कोणी वाजवत नव्हते. ऐकणारे आधीही होते, त्यांना कोणी मोजले नव्हते इतकेच.

वाचकहो, हार्लेम हे कोलंबिया विद्यापीठाला लागून आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब तिथेच शिकायला गेले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉय यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि काळ्यांच्या स्थितीतील साम्य दाखवले होते. १९७२ मध्ये आमच्या तरुणांनी पँथर हे नाव तिथूनच घेतले. तेव्हा त्यांच्या वहीतले फाटलेले पान आम्हाला परके नाही.

आमच्याकडेही १९५१ पासून जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची मोजणी थांबली. २०११ मध्ये वेगळ्या गणनेत जातींचे आकडे गोळा केले, पण जाहीर केले नाहीत. 'मोजले तर जातीयवाद वाढेल' हा युक्तिवाद आम्ही किती वर्षे ऐकला! अखेर ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारला पुढील जनगणनेत जाती मोजण्याचा निर्णय जाहीर करावा लागला. जात मोजल्याने वाढत नाही. न मोजल्याने तिचे फायदे खाणारा तेवढा लपतो.

आणि शेवटी स्वतःलाही एक प्रश्न. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गायली गेली, प्रल्हाद शिंदेंच्या आवाजाने वस्त्या जाग्या झाल्या. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटी चादरीवर मांडून विकल्या गेल्या. हिंदी चित्रपटगीतांची क्रमवारी सांगणाऱ्या 'बिनाका गीतमाला'त त्यांना जागा असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्या किती छापल्या, किती खपल्या, कवीला काय मिळाले, गायकाला काय मिळाले, याची वही आम्ही तरी ठेवली काय? ज्यांच्या घरात अशा कॅसेटी, जलशांची पत्रके, शाहिरांच्या वह्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत जाण्यापूर्वी नोंदवून ठेवाव्यात. दुसऱ्याने आपले पान फाडले तरी आपली वही आपल्या हातात असली पाहिजे.