बाईच्या ताटातून आणखी काय काय काढणार?

"गोळ्या खात नाहीत हो या बाया, उकिरड्यावर टाकतात." आरोग्याच्या कुठल्याही बैठकीला जाऊन बसा, रक्तक्षयाचा विषय निघाला की हे वाक्य आलंच म्हणून समजा. गोंदिया जिल्ह्यात बचत गटांच्या आणि आरोग्याच्या कामानिमित्त फिरताना मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की आता बोलणाऱ्याच्या तोंडातून निघण्याआधीच मला ते ऐकू येतं. काही बाया गोळ्या टाकतात हे खरं आहे. मळमळतं, शी काळी होते, पोट गच्च होतं, आणि हे असं होणार हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. पण ज्या बाया नेमाने गोळ्या घेतात आणि तरी ज्यांचं रक्त वाढत नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी आपल्या व्यवस्थेत एकच रकाना आहे: खोटं बोलते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. लोहाच्या गोळ्या वाटायला सुरुवात झाली त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. एखादी योजना इतकी वर्षं चालूनही निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त नसेल, तर दोष बायांच्या स्वभावात शोधायचा की योजनेत?

या कारणांपैकी एकाबद्दल आज मला लिहायचं आहे. ते सर्वांत मोठं कारण आहे असा माझा दावा नाही. अर्धपोटी राहणं, लागोपाठ बाळंतपणं, जंत, पाळीत जाणारं रक्त, आणि आपल्या पट्ट्यात सिकलसेल, ही कारणं कितीतरी मोठी आहेत. तरीही मी हे निवडलं, कारण बाईच्या पोटाच्या तक्रारीला आपण किती किंमत देतो ते यात लख्ख दिसतं.

आजाराचं नाव सीलिअ‍ॅक. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला चिकटपणा येतो तो त्याच्यामुळे. काही माणसांचं शरीर या ग्लुटेनला शत्रू समजतं आणि त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक रसांकुर असतात. अन्नातलं सत्त्व ओढून घ्यायचं काम त्यांचं. हल्ल्यात ते झिजतात, सपाट होतात. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि नासधूसही तिथेच जास्त होते. अशा बाईला तुम्ही रोज दोन गोळ्या द्या नाहीतर चार, बराचसा माल आला तसा बाहेर जाणार. जगभरच्या तपासण्यांत लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय झालेल्या साधारण तीस रुग्णांमागे एकाला हा आजार सापडतो. म्हणूनच इंग्लंडातल्या पोटविकार तज्ज्ञांचा दंडक आहे की असा रुग्ण आला की सीलिअ‍ॅकची रक्त-तपासणी करायचीच. या आजारात हगवण लागतेच असं नाही. कुणाची फक्त हाडं दुखतात, कुणाची पाळी उशिरा येते, कुणाचे गर्भ राहून राहून पडतात, कुणाला मूलच होत नाही. हे शेवटचं वाचताना क्षणभर थांबा आणि तुमच्या गावात ‘वांझ’ म्हणून हिणवलेल्या बायांचे चेहरे आठवा. त्यांतल्या किती जणींचं आतडं कुणी तपासलं?

"पण आम्ही तर भात खाणारे, गव्हाचा आजार आम्हाला कुठून?" हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला. प्रश्न रास्त आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांवर प्रौढांचं रक्त तपासलं होतं. आजाराची खूण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत मिळाली. या आजाराला पोषक जनुकं तिन्हीकडे पुष्कळ लोकांत होती. मोठा फरक ताटात होता: उत्तरेत माणशी दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम गहू, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. आपला झाडीपट्टीचा मुलूख त्या अभ्यासात नव्हता. तेव्हा आपल्याकडे हा आजार क्वचित असेल असं मानायला जागा आहे. पण आपलं ताट आता आजीच्या ताटासारखं राहिलेलं नाही. रेशनवर तांदळाबरोबर गहू येतो. रोवणीच्या दिवसांत बांधीवर चहासोबत बिस्किटाचा पुडा असतो. लेकरांच्या हातात मैद्याच्या शेवया. गोंदिया शहरात तर दोन्ही वेळा पोळी खाणारी घरं शेकड्यांनी आहेत. आजार क्वचित असला म्हणजे तो असलेल्या बाईला होणारा त्रास क्वचित होत नाही.

आमच्या गटातल्या एका बाईची हकीकत सांगते. माहेर पोळी खाणारं, सासरही तसंच. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन गर्भ पडलेले, सतत पोट फुगलेलं, रक्त सात-आठच्या वर जात नाही. सिकलसेलची तपासणी झाली, ती निघाली नाही. आपल्या जिल्ह्यात ही तपासणी होते हे चांगलंच आहे, पण ती निघाली नाही की पुढचा विचारच थांबतो! तिला इंजेक्शनं झाली, दोनदा रक्त चढवलं, आणि दर वेळी तेच ऐकवलं गेलं. ती मला म्हणाली, "मी गोया खाल्ल्या जी मॅडम. आंगी लागत नाई तं मी का करू?" आंगी लागत नाही. अख्खं वैद्यकशास्त्र त्या तीन शब्दांत तिने सांगून टाकलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

या आजाराचा इतिहासही गमतीचा आहे. गहू हे कारण आहे हे सिद्ध केलं ते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी, १९५० सालच्या प्रबंधात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडात उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं सुधारली, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण त्याच्या कितीतरी आधी, १९३६ च्या सुमाराला, एका तरुण आईने डिके यांना सांगितलं होतं की पाव बंद केला की माझ्या मुलाचं दुखणं कमी होतं. त्या आईचं नाव कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही. डिके यांचं मोठेपण हे की त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं.

आमच्या मैत्रिणीचं पुढे काय झालं? सरकारी दवाखान्यात उत्तर मिळालं नाही तेव्हा घरच्यांनी कर्ज काढून तिला मोठ्या शहरात नेलं. तिथे कुणीतरी निदान केलं: ‘लीकी गट’, म्हणजे गळकं आतडं. रक्त घेऊन महागडी तपासणी केली आणि तिला सोसत नसलेल्या पदार्थांची भलीमोठी यादी हातात ठेवली. गहू, दूध, तूर, शेंगदाणे, अंडी, वांगी, केळी, आणखी बरंच काही. सोबत आतडं ‘सांधायच्या’ पावडरचे डबे. ती परत आली तेव्हा तिच्या ताटात भात आणि भोपळा उरला होता. सासू म्हणाली, बरंच झालं, हिला तसंही जास्त लागत नाही.

या धंद्याबद्दल सरळ बोललं पाहिजे. आतड्याच्या पेशींमध्ये घट्ट सांधे असतात. सीलिअ‍ॅकमध्ये ते सैल होतात आणि आतडं झिरपतं हे खरं आहे, ते मोजताही येतं. ग्लुटेन पूर्ण बंद केलं की ते हळूहळू सुधारतं. पण ‘गळकं आतडं’ नावाचा स्वतंत्र आजार, जो डब्यातल्या पावडरीने बरा होतो, तो वैद्यकशास्त्राला ठाऊक नाही. हे सांधे आवळणारं म्हणून ज्या औषधावर सर्वांत जास्त आशा होती त्याची शेवटच्या टप्प्यातली चाचणीही २०२२ मध्ये गुंडाळावी लागली. आणि ती पदार्थांची यादी? त्या तपासणीत बहुधा आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. तुम्ही जे वारंवार खाता त्याची ती फक्त नोंद असते. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या संघटनांनी ही तपासणी करू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. जी बाई वर्षानुवर्षं तूर खाते तिच्या रक्तात तुरीची नोंद सापडणारच! त्या नोंदीला आजार म्हणून तुरीची वाटी काढून घ्यायची, हा दरोडा आहे.

मग अनेक पदार्थ सोसत नाहीत ही बायांची तक्रार खोटी का? मुळीच नाही. दूध पचवणारा रस रसांकुरांच्या टोकाशी असतो. रसांकुर झिजले की दुधाने पोट फुगणारच. आतडं भरून आलं की पुष्कळ जणींना दूध पुन्हा चालतं, दही-ताक तर त्याआधीही. कांदा, लसूण आणि गव्हातली काही साखर आतड्यात आंबून वायू धरते, तेव्हा कांद्याने दुखतं म्हणणारीही खरंच बोलते. प्रत्येक तक्रारीमागचं कारण वेगळं शोधावं लागतं, पदार्थ एकेक करून काही दिवस थांबवून पुन्हा देऊन बघावा लागतो. त्याला बाईशी बोलायला वेळ द्यावा लागतो. यादी छापून देणं सोपं असतं.

गळक्या आतड्याबद्दल बोलायचंच असेल तर आपल्या गावात चला. घाण पाणी पिणाऱ्या, उघड्यावरच्या घाणीत वाढणाऱ्या लेकरांची आतडी झिरपतात, त्यांचे रसांकुर झिजतात, त्यांची वाढ खुंटते, हे जगभर नोंदवलं गेलं आहे. वाकून वाकून रोवणी करणारी बाई कंबरेसाठी ब्रुफेन नाहीतर डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चघळते, त्याही आतड्याला इजा करतात. हे ‘लीकी गट’ कुठल्या डब्याने सांधणार? त्यासाठी नळ लागतो, संडास लागतो, बसून रोवणी करता येईल असं यंत्र लागतं, मजुरीत एक दिवसाची सुट्टी लागते.

आणखी एक गोष्ट. पाश्चात्य देशांत हा आजार बायांमध्ये जास्त सापडतो. आपल्याकडे रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या लहान मुलांच्या नोंदींत बहुधा मुलगे जास्त दिसतात. मुलींना आजार कमी होतो म्हणून? की मुलाचं पोट दुखलं की बस पकडली जाते आणि मुलीचं दुखलं की ओवा दिला जातो म्हणून? आणि ज्या मुलींचं निदान होतं त्यांच्या आया ते लपवतात, कारण ‘पोळी न खाणारी मुलगी’ कुणाच्या सुनेच्या यादीत बसत नाही.

आमच्या मैत्रिणीची टीटीजी नावाची रक्त-तपासणी शेवटी झाली, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिला, आणि सीलिअ‍ॅक ठरलं. त्यातही विलंब झाला, कारण यादी मिळाल्यापासून तिने गहू सोडला होता. हे सर्वांनी लक्षात ठेवा: तपासणीआधी गहू बंद करू नका. गहू पोटात नसेल तर खूण पुसली जाते आणि आजार असून नाही म्हणतात. तिला पुन्हा काही आठवडे पोळी खाऊन त्रास सोसावा लागला.

आता ती रक्ताने वर येते आहे. पण घरात तिच्यासाठी वेगळं शिजवायचं कुणी, हा प्रश्न आहेच. नवऱ्याला पथ्य लागलं तर सगळं घर पथ्य पाळतं. बायकोला लागलं तर तीच पोळ्या लाटते, त्याच हाताने, त्याच पोळपाटावर, आणि मग उरलेला भात खाते. या आजारात कणभर पीठही चालत नाही. गिरणीत गव्हावर दळलेलं तांदळाचं पीठ चालत नाही. डबीतल्या हिंगात पुष्कळदा कणीक मिसळलेली असते, ती चालत नाही. बाजारात ‘ग्लुटेन-मुक्त’ लिहिलेले डबे मिळतात. कायद्याने त्यांत किलोमागे २० मिलिग्रॅमहून कमी ग्लुटेन असावं लागतं, पण त्यांची किंमत मजूर बाईने विचारूही नये. सुदैवाने आपल्याकडे भात आहे, लाखोळी आहे, ज्वारी आहे, ढिवरांच्या बायका तलावांतून काढतात तो शिंगाडा आहे. आपल्या मुलखात हे पथ्य पंजाबातल्या बाईपेक्षा कितीतरी सोपं आहे, फक्त घराने आणि सरकारने आड येऊ नये.

म्हणून आमच्या गटाने मागण्या ठरवल्या आहेत. दोन-तीन महिने गोळ्या घेऊनही ज्या बाईचं रक्त वाढत नाही तिला दोष देण्याऐवजी तिची सिकलसेलसोबत टीटीजी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत व्हावी. निदान झालेल्या बाईच्या बहिणी आणि लेकरंही तपासावीत, कारण रक्ताच्या नात्यात धोका जास्त. अशा घराला रेशनवर गव्हाच्या वाट्याचा तांदूळ मागता यावा, आणि अंगणवाडीत गव्हाचा खाऊ असेल तिथे अशा लेकरासाठी दुसरा असावा. गिरणीवाल्याशी आम्हीच बोललो आहोत. सोमवारी सकाळी गिरणी झाडून-पुसून आधी तांदूळ दळायचा, पहिलं शेरभर पीठ बाजूला काढून जनावरांना घालायचं, मग तिचं दळण घ्यायचं. कबूल व्हायला त्याला तीन खेपा लागल्या.