पुनर्रचनेच्या तक्त्यात तालुका कुठे आहे?

गेल्या महिन्यात डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या एका संघटनेनं मला पुनर्रचनेच्या बैठकीला बोलावलं. मी तिचा पदाधिकारी नाही. चार-पाच वर्षं त्यांची पत्रकं मराठीत करून देतो, कधी एखाद्या वकिलाची गाठ घालून देतो, एवढाच संबंध. संघटनेकडे पैसे कमी पडताहेत. २०२० च्या एफसीआरए दुरुस्तीनं एका संस्थेनं आपला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्याची वाट बंद केली आणि अशा लहान संघटनांची गोची झाली. त्यामुळं कुठंतरी काटछाट करावी लागणार, हे सगळ्यांनाच मान्य होतं.

सल्लागारानं पडद्यावर तक्ता दाखवला. वर विश्वस्त मंडळ, त्याखाली संचालक, त्याखाली तीन चौकोन : खटले, धोरण, प्रसिद्धी. जिल्ह्यांतल्या स्वयंसेवकांचं जाळं आणि मदतीचा फोन या दोन गोष्टी 'टप्प्याटप्प्यानं कमी' करायच्या होत्या. कारण असं दिलं की, एका निकालाचा फायदा अख्ख्या देशाला होतो, एका फोनचा फक्त एका माणसाला.

ऐकायला हिशेब बरोबर वाटतो. पण मला त्या फोनवरचा एक आवाज आठवत होता.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून फोन आला. बोलणारे त्या मुलाचे चाचा होते. "भाई, पोराला उचललंय. वादग्रस्त स्टेटस ठेवलं म्हणतात. मोबाईल पण घेतलाय, पासवर्ड मागताहेत. द्यायचा का?" गावात तणाव होता, इंटरनेट बंद होतं. मी आधी एका मोठ्या संस्थेला फोन लावला. तिथून इंग्रजीत उत्तर आलं की, संकेतस्थळावरचा अर्ज भरा. इंटरनेट बंद असलेल्या गावातून! शेवटी या संघटनेचा जिल्ह्यातला एक तरुण वकील सकाळी मोटारसायकलवरून ठाण्यात गेला. चौथ्या दिवशी जामीन झाला. फोन मात्र पोलिसांकडेच राहिला आणि मुलाच्या कॉलेज प्रवेशाची सगळी कागदपत्रं त्यात होती.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेटही तोडलं गेलं, हे आपण बातम्यांत वाचलं. पण अशा बातमीमागं किती घरांत रात्री फोन शोधला जातो, ते छापून येत नाही. त्यातली बरीच घरं मुसलमानांची असतात, हे लपवण्यातही अर्थ नाही.

आता निकालाचा मुद्दा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली. एकीनं लिहिलं, दुसरीनं 'लाईक' केलं. त्यातून देशभर संताप उसळला, श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. ऐतिहासिक निकाल. पण सहा वर्षांनी, २०२१ मध्ये, पीयूसीएलनं त्याच न्यायालयाला सांगितलं की, अकरा राज्यांत या मेलेल्या कलमाखालचे ७४५ खटले अजून चालू आहेत. यात आपलं राज्य मागं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की, या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. म्हणजे निकाल दिल्लीहून निघाला आणि ठाण्यापर्यंत पोचायला त्याला सात वर्षं पुरली नाहीत. तो पोचवणारा माणूस तक्त्यातून काढून टाकला, तर पहिल्या चौकोनातल्या खटल्यांचं करायचं काय?

बैठकीत एकानं अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं, म्हणजे ईएफएफचं उदाहरण दिलं. जगातली ही जुनी आणि मातब्बर संघटना, आपण तिच्यासारखं 'व्यावसायिक' व्हायला हवं, असं त्याचं म्हणणं. उदाहरण उत्तम होतं. फक्त तो ते अर्धंच सांगत होता.

१ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळांची पुस्तकं छापणाऱ्या छोट्या कंपनीवर छापा घातला आणि संगणक उचलून नेले. गुन्हा काहीच नव्हता, पण कंपनी बुडायच्या बेताला आली, निम्म्याच्या आसपास माणसं घरी पाठवावी लागली. त्याच वर्षी मिच केपॉर, जॉन पेरी बार्लो आणि जॉन गिल्मोर यांनी ईएफएफ काढली आणि हा खटला पुढं जिंकला. सुरुवात अशी एका दुकानदाराच्या जप्त संगणकापासून झाली होती.

मग संघटना मोठी झाली. १९९३ मध्ये कार्यालय वॉशिंग्टनला गेलं. जेरी बर्मन यांच्या नेतृत्वाखाली कायदे घडतात तिथं बसून काम करायचं ठरलं. देणगीदारांत बड्या दूरसंचार आणि सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. १९९४ मध्ये एफबीआयला हवा असलेला 'कॅलिआ' कायदा आला. फोन कंपन्यांनी आपलं जाळं उभारतानाच पोलिसांना संभाषण ऐकता येईल अशी सोय ठेवायची, हा त्याचा गाभा. ईएफएफनं वाटाघाटी केल्या, विधेयक थोडं सौम्य करून घेतलं आणि ते मंजूर झालं. बाहेरचे समर्थक खवळले. आमच्या नावानं हा सौदा कुणी केला, असं ते विचारू लागले. वर्ष संपता संपता बर्मन बाहेर पडले, त्यांनी सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी ही वेगळी संस्था काढली. १९९५ मध्ये ईएफएफनं वॉशिंग्टन सोडलं आणि सॅन फ्रान्सिस्को गाठलं. संस्था खूप लहान झाली. पण तिथूनच तिनं बर्नस्टीन खटला लढवला आणि संगणकाचा कोड हीही अभिव्यक्तीच आहे, असं न्यायालयाकडून वदवून घेतलं.

बर्मन यांना मी खलनायक ठरवणार नाही. त्यांची बाजू अशी होती की, आम्ही बोललो नसतो तर याहून वाईट कायदा झाला असता. १९९४ च्या कायद्यातून इंटरनेट वगळलं गेलं, हे त्या वाटाघाटींचंच फळ होतं. पण २००५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं तोच कायदा ब्रॉडबँडला लावला. आणि २०२४ मध्ये बातमी आली की, चिनी हॅकर अमेरिकी कंपन्यांच्या याच पोलिसी 'ऐकण्याच्या' यंत्रणेत शिरले होते. तडजोड सगळ्यांनाच करावी लागते. माझी तक्रार एवढीच की, तिची किंमत ज्यांना मोजायची होती, त्यांना विचारायची सोय त्या रचनेत नव्हती.

आपल्याकडेही २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडं गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं वेगवेगळ्या दरांवर बंदी घातली आणि फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'चा गाशा गुंडाळला गेला. त्या स्वयंसेवकांतूनच पुढं इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन उभी राहिली. (मी ज्या बैठकीला गेलो ती संघटना ही नव्हे.) त्या गर्दीचं बळ तिच्या संख्येत होतं.

मग पैसे कुठून आणायचे? ब्रिटनमध्ये २००५ साली हजार लोकांनी महिन्याला पाच पौंड द्यायचं कबूल केलं आणि ओपन राइट्स ग्रुप सुरू झाला. नेदरलँड्सची बिट्स ऑफ फ्रीडम मात्र २००६ मध्ये पैशाअभावी बंद पडली आणि २००९ मध्ये पुन्हा उभी राहिली. म्हणजे हा रस्ता सोपा नाही. मी बैठकीत सुचवलं की, महिना पन्नास रुपये देणारे सभासद करा. विश्वस्त मंडळातल्या तीन जागा त्यांच्या मतानं भरा, आणि त्यातली एक तरी जागा ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला किंवा ज्याचं गाव बंद पडलं अशा माणसाची असू द्या. सरकारशी कुठल्याही मसुद्यावर तडजोड करण्याआधी तो मसुदा सभासदांच्या भाषेत त्यांच्यासमोर ठेवा. गावच्या दूध सोसायटीतला सभासद वार्षिक सभेत उभा राहून 'माझी फॅट कमी का लागली' असं विचारतो, तेवढा हक्क इथं का नसावा?

एक ज्येष्ठ बाई हसून म्हणाल्या, "सहकारी बँका पाहिल्यात ना तुम्ही? तिथंही सभासदच होते." याला माझ्याकडं चोख उत्तर नव्हतं. सभासद झोपतात, निवडणुकीपुरते जागे केले जातात, हे मीही पाहिलंय. तरी सहकारी बँकेत घोटाळा झाला की, दारात जाऊन बसणारा कुणीतरी असतो. त्या तक्त्यातल्या संस्थेच्या दारात कोण बसणार?

निर्णय झाला नाही. स्वयंसेवकांचा प्रश्न पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. मदतीच्या फोनचं सिम तोवर कुणाकडं तरी राहायला हवं होतं, ते मी घेऊन आलो. परवा रात्री एकदा वाजला. एका आईला विचारायचं होतं की, मुलाचा फोन परत मिळवायला अर्ज कुणाच्या नावानं करायचा.