दलाल नेमका कोणाचा माणूस?

"बजेट किती? नोकरी कुठे? आणि पूर्ण नाव काय म्हणालात?" घर विकत घ्यायला निघालेल्या आपल्या पोरांना हा तिसरा प्रश्न नवा नाही. आडनाव सांगितलं की दोन दिवसांनी फोन येतो, "मालकाचा विचार बदलला."

मित्रांनो, हा प्रश्न दलाल कोणासाठी विचारतो?

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 182 सांगतं, ज्याने नेमलं त्याच्या वतीने इतरांशी व्यवहार करतो तो एजंट. म्हणजे विकणाऱ्याने नेमलेला दलाल विकणाऱ्याचा. पण आपल्याकडे तो दोघांकडूनही टक्का-दोन टक्के घेतो. 60 लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे आपले 60 हजार! आपण त्याला आपला माणूस समजून कर्ज किती मंजूर झालं, जास्तीत जास्त किती देऊ, सगळं सांगून बसतो. तेच मालकाच्या कानावर जातं आणि भाव तिथेच अडतो. नव्या प्रकल्पात त्याचं कमिशन बिल्डर देतो, म्हणून तो आपल्याला फुकट वाटतो. करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेराचं कलम 13 तो आपल्याला कशाला सांगेल?

पैशाची लूट एकवेळ सगळ्यांचीच होते. जातीची चाळणी मात्र आपल्यासाठीच असते. 1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव सांगून सरायीत राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. आज लाठ्यांची गरज उरलेली नाही. ते काम दलाल गोड बोलून करतो, मालकाचे हात स्वच्छ राहतात आणि वर दलाली आपल्याकडूनच मागितली जाते!

"मी काय करू, सोसायटीचा नियम आहे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. खोटं आहे ते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 23 नुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. जात हे पुरेसं कारण आहे का? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला. व्यवहार करायला नकार देणं, सेवा नाकारणं हे त्याच्या व्याख्येतच आहे. मात्र नकार जातीमुळेच होता हे सिद्ध करावं लागतं आणि तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. दलालाला हे पक्कं ठाऊक असतं.

म्हणून आपण कागद धरायचा. पहिल्या भेटीतच विचारा, "तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय? दलाली कोण कोण देणार?" उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. नव्या प्रकल्पात महारेराचा नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर तपासा. शेवटचा आकडा दलालाला सांगू नका. सोसायटीचं नाव पुढे केलं तर नियम लेखी मागा. नकार आला तर तारीख, वेळ, मेसेज जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. वस्तीतल्या विहारात या तक्रारींची एक वही ठेवा. एकट्याचा अनुभव योगायोग म्हणून उडवला जातो, एकाच दलालाविरुद्ध दहा जणांचे अनुभव उडवता येत नाहीत.

आडनाव लपवून मिळालेलं घर रोज भीती घालतं. आपल्या नावाने, आपल्या पैशाने, ताठ मानेने घर घेऊ. आणि दलाली देणार असू तर आपल्या बाजूने उभा राहणाऱ्यालाच देऊ.

जयभीम! जय संविधान!